तुम्ही विचारलंत म्हणून: ‘लिझर्ड’ ऐकायचा तरी कसा?

किंग क्रिमझन या ब्रिटिश रॉक बँडचा ‘लिझर्ड’ हा अल्बम दोनदा लावला आणि दोन्ही वेळा पहिल्याच बाजूत बंद केला. रॉक, जॅझ, शास्त्रीय सगळे एकदम बोलतात, मग ऐकायचं कोणाचं? हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की उत्तर एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

पहिली बाजू तूर्त सोडा. १९७०च्या डिसेंबरात आलेल्या या अल्बमची दुसरी बाजू म्हणजे २३ मिनिटांची एकच रचना. सुरुवातीचं गाणं ‘येस’ या दुसऱ्या बँडचा गायक जॉन अँडरसन गातो, ते सहज कानात बसतं. खरी किल्ली ते संपल्यावर, रचनेच्या साधारण साडेचाराव्या मिनिटाला सुरू होणाऱ्या ‘बोलेरो’ या भागात आहे.

स्नेअर ड्रमचा, म्हणजे करकरत्या छोट्या ढोलाचा, बारीक ठेका आणि त्यावर ओबोची लांब, उदास धून. ओबो ओळखायला अवघड नाही: दुहेरी पत्तीचं वाद्य, नाकातला आवाज, सनईच्या नात्यातला पण मऊ. हळूहळू कॉर्नेट (छोट्या ट्रम्पेटसारखं पितळी वाद्य), ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि कीथ टिपेटचा पियानो आत शिरतात. कॉर्नेट-ट्रॉम्बोनवाले मार्क चॅरिग आणि निक इव्हान्स टिपेटच्याच जॅझ संचातले, त्यामुळे तिघांना एकमेकांचं बोलणं मध्येच तोडायची सवय आहे. धून विस्कटते, बराच वेळ हरवल्यासारखी वाटते आणि मग ओबो ती परत आणतो.

पहिल्या खेपेला फक्त ओबो धरा. दुसऱ्या खेपेला त्याला सोडून कॉर्नेटच्या मागे जा. तिसऱ्या खेपेला नुसता स्नेअर ऐका. साडेसहा मिनिटांचा भाग आहे, तीनदा ऐकायला वीस मिनिटं पुरतात. आधी ठरवलेलं कोणतं आणि आयत्या वेळी सुचलेलं कोणतं, हे कानाला वेगळं काढता आलं की निम्मा गोंधळ संपतो. बहुतेक जण जॅझला गोंगाट आणि शास्त्रीयला सजावट समजून ऐकतात, तिथेच फसतात.

पुढे ‘बॅटल ऑफ ग्लास टिअर्स’, म्हणजे काचेच्या अश्रूंची लढाई. प्रिन्स रुपर्टच्या नावाने ओळखले जाणारे काचेचे थेंब असतात: वितळलेली काच थंड पाण्यात सोडून केलेले, डोक्यावर हातोडी सोसतील पण शेपटी मोडली की अख्खा थेंब भुगा. रचनेच्या नायकाचं नावही तेच, तेव्हा काचेचे अश्रू कुठून आले ते कळतं. लढाई ओसरल्यावर बास गिटारच्या मंद पावलांवर रॉबर्ट फ्रिपचं गिटार विव्हळतं. हा तुकडा रात्री, हेडफोनवर.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र हा अल्बम लावूच नका. बास गायब होतो आणि उरतो तो कलकलाट. तबकडी असेल तर आणखी एक अडचण: २३ मिनिटं एका बाजूत बसवायची म्हणजे खाचा दाटीने कापाव्या लागतात, म्हणून आवाज बारीक येतो. शिवाय सुई लेबलाकडे सरकते तशी एका फेऱ्यात मिळणारी खाचेची लांबी घटते, वरचे सूर फाटायला लागतात, आणि लढाई नेमकी त्याच निम्म्यात. स्टीव्हन विल्सनने केलेलं २००९चं रीमिक्स, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातल्या वाद्यांची नव्याने केलेली जुळणी, आधी ऐका. त्यात वाद्यं एकमेकांपासून सुटी होतात. जुनं मिक्स मग ऐकलंत तरी चालेल.

आता पहिली बाजू. ‘सर्कस’मधला तो धमकावणारा सूर वाद्यवृंदाचा नाही, मेलोट्रॉन नावाच्या पेटीसारख्या पट्ट्यांच्या वाद्याचा. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्याचं ध्वनिमुद्रण असलेली टेप असते, सुमारे ८ सेकंदांची. सेकंद संपले की सूर तुटतो, पट्टी सोडल्यावर टेप मागे जाते. बऱ्याच पट्ट्या एकदम दाबल्या तर मोटरवर ताण येऊन सूर ढळतो. थोडासा आजारी वाटणारा तो आवाज यंत्राचाच आहे. ‘हॅपी फॅमिली’त गायकाचा आवाज चिरडल्यासारखा येतो, तोही मुद्दाम, सिंथेसायझरमधून काढलेला.

या संचाच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण शोधत बसू नका. एकही कार्यक्रम न करताच संच मोडला.

आणि हो, शेवटच्या सव्वा मिनिटात, ‘बिग टॉप’मध्ये, संगीत वेग घेत सूर चढवत विरून जातं. तुमचा प्लेअर बिघडलेला नाही.