करिअरचं सांगायला सरकारी पगारावर माणूस ठेवा

मी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात एचआरला आहे आणि भरती निघाली की दरवेळी तेच चित्र असतं. आमच्याकडे सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा ऑपरेटर, मेंटेनन्सचा फिटर, क्वालिटीसाठी मायक्रोमीटर नीट वाचता येणारं माणूस मिळत नाही म्हणून जागा पडून राहतात, आणि तिकडे मानेवाडा, नंदनवन, उमरेड, काटोलची पोरं बीए नाहीतर बीकॉम करून पोलीस भरती आणि एमपीएससीच्या मागे वर्षं घालवतात आणि शेवटी डिलिव्हरीच्या गाडीवर बसतात. नाहीतर रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पुण्याला. डिलिव्हरीचं काम वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानं दुरुस्त होतात आणि त्यासाठी कोणतं शिक्षण लागतं हे नागपुरातल्याच पोराला बारावीत कुणी सांगितलेलं नसतं, हे मला फार लागतं.

आयटीआय झालेला एक पोरगा मला म्हणाला, "मॅडम, कंपनीत कायले जाऊ, तिथं तं पहिलेच माणसं लावून ठेवले असन." हुशार पोरगा होता, हात चांगला होता. पण 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत, हे त्याला माहीतच नव्हतं. अप्रेंटिसशिपचं रजिस्ट्रेशन कुठं करायचं, आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव वेगळं असलं तर काय करायचं, इंटरव्ह्यूत पगार किती सांगायचा, यातलं काही सांगणारं त्याच्या घरात कुणी नाही. आई धुणीभांडी करते, बाप रोजंदारीसाठी मजुरांच्या ठिय्यावर जातो. माझ्या मुलाला मी आहे, माझे मित्र आहेत, फोन करून विचारता येतं. त्याला कोण आहे?

सरकार काहीच करत नाही असं नाही. कौशल्य विकासाचे कोर्स आहेत, नोकऱ्यांसाठी सरकारचं महास्वयम पोर्टल आहे, रोजगार मेळावे होतात. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीवाल्याला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, पदवीधराला 10000 रुपये महिना, मुदत आधी सहा महिने, मग ती वाढवून अकरा केली. पैसे पोरांच्या खात्यात गेले ही चांगलीच गोष्ट झाली. पण मुदत संपल्यावर पुढे काय हे सांगायला कुणी नव्हतं, आणि पोरांना मुदतवाढ मागत रस्त्यावर यावं लागलं. मेळाव्याचंही तसंच, दिवसभर मंडप, बायोडाटाचे गठ्ठे, आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराला फोन करून "बाबा, तुझं काय झालं" असं विचारणारं कुणी नाही, कारण त्या कामासाठी पगारी माणूसच ठेवलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की खर्च त्या माणसावर करा. प्रत्येक तालुक्यात, नागपूर जिल्ह्यात 14 तालुके आहेत, आणि प्रत्येक सरकारी आयटीआयमध्ये नियमित पगारावर करिअर समुपदेशक पाहिजे, ज्याला आजूबाजूच्या एमआयडीसीतल्या कंपन्या नावानिशी माहीत आहेत आणि जो नोकरी लागल्यानंतरही वर्षभर पोराच्या संपर्कात राहतो. कंत्राटी नको. दर अकरा महिन्यांनी माणूस बदलला तर कंपन्यांशी ओळख कधी होणार?

जुनी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयं, हेच करायला होती. 1959 च्या कायद्यानं 25 किंवा जास्त कामगार असलेल्या खाजगी कंपन्यांना रिकाम्या जागा तिथं कळवणं बंधनकारक केलं, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्यांच्याऐवजी करिअर सेंटरला जागा कळवायची तरतूद आहे, पण भरती तिथूनच करा अशी सक्ती तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. मग कंपनी तिथं कशाला जाईल? तिथला माणूस योग्य पोरगा निवडून, तयार करून पाठवतो असा भरवसा बसला तरच जाईल. आणि तसा माणूस फुकट मिळत नाही.

पैसा कुठून आणायचा हे विचारणाऱ्यांसाठी सांगते, तुमची पगाराची स्लिप काढा. पीटी म्हणून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500 कापले जातात ना, तो व्यवसाय कर महाराष्ट्रात 1975 मध्ये रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला लावला होता. ज्याला काम आहे त्यानं ज्याला काम नाही त्याच्यासाठी थोडं द्यायचं, आणि तेवढीच भर सरकारनं घालायची, असा तो विचार होता. 1977 मध्ये हमीचा कायदाही झाला. मागेल त्याला काम देणारा कायदा देशाच्या आधी या राज्यानं केला याचा मला खरंच अभिमान आहे. तेव्हा गरज दुष्काळी गावातल्या मजुराची होती, ती आजही संपलेली नाही आणि तिच्या पैशाला कुणी हात लावू नये. पण आज शिकलेल्या पोराचीही गरज तेवढीच मोठी आहे, त्याच्यासाठी माझ्या स्लिपमधून आणखी कापले तरी माझी तक्रार नाही.

अजून एक, जे ऑफिसात बसून दिसत नाही. मेट्रो खापरीपर्यंत येते, तिथून पुढे बुटीबोरीला सकाळच्या पाळीला पोचायचं तर पहिला पगार हातात येईपर्यंत गाडीभाड्याचे पैसे आणायचे कुठून? मुलींसाठी तर हाच प्रश्न सगळ्यात मोठा, घरचे जाऊच देत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांचा प्रवासखर्च आणि मुलींसाठी पाळीच्या वेळेची बस, हाही या खर्चाचाच भाग धरायला पाहिजे.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आपल्याकडेच असतं, सगळे आमदार इथंच असतात. आपल्या तालुक्यातल्या कौशल्य केंद्रातून निघालेल्या किती पोरापोरींना वर्षभरानंतरही नोकरी टिकलेली आहे, हा आकडा त्यांना मागा. मी तर माझ्या आमदारांना पत्र लिहिणार आहे, ज्यांना माझ्यासोबत सही करायची असेल त्यांनी कळवा.