आमची वाटचाल : विहिरीवरच्या मोटारीपासून सांडपाणी केंद्रापर्यंत

जळगावच्या एमआयडीसीतील आमची कार्यशाळा मुळात रावेर-यावलच्या केळीबागांतील मोटारी रिवाइंड करण्यासाठी सुरू झाली. पुढे एका दूध डेअरीचा ट्विन लोब ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा ढकलणारे यंत्र, दुरुस्तीला आला. तो बसवून देताना डेअरीच्या मालकांनी आम्हाला एरेशन टाकीपाशी, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीपाशी, नेले आणि हवा चालू असूनही पाणी काळे का, असे विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही या धंद्यात आलो, आणि हळूहळू नगरपालिकांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची देखभालही मिळत गेली.

नव्या ऑपरेटरच्या हाती आम्ही आजही आधी एक लिटरचे मोजपात्र देतो. टाकीतील पाणी त्यात भरून अर्धा तास न हलवता ठेवायचे. तपकिरी गाळ एकसारखा खाली बसला आणि वर नितळ पाणी उरले, तर सांडपाण्यातली घाण खाणारे जिवाणू निरोगी आहेत. गाळ काळा पडून सडक्या अंड्यांचा वास आला, तर पाण्यातला प्राणवायू संपला. टाकीत लिटरमागे २ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू राखणे खान्देशात सोपे नाही. २० अंशांच्या पाण्यात तो फार तर ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना ७ च्या आसपास, आणि नेमकी त्याच उष्णतेत जिवाणूंची प्राणवायूची गरज वाढते. म्हणूनच वैशाखात ब्लोअरचा फिल्टर धुळीने तुंबू देणारा माणूस आमच्याकडे टिकत नाही.

तापीच्या एका उपनदीकाठच्या नगरपालिकेचे केंद्र आम्ही असेच जपले होते. फेरनिविदेत एका प्रतिस्पर्ध्याने आमच्यापेक्षा कितीतरी कमी दर भरला. वीजबिल ठेकेदाराच्याच दरात होते आणि केंद्राची निम्म्याहून अधिक वीज हवेवरच जाते, तेव्हा तो दर कसा परवडणार होता हे आम्हाला त्याच दिवशी कळले. रात्री ब्लोअर बंद राहू लागले, नमुने मात्र दुपारी घेतले जात. उन्हाळ्यात या नदीला स्वतःचा प्रवाह उरत नाही. केंद्रातून जे सुटते तेच खालच्या गावांपर्यंत वाहते, आणि त्या वर्षी ते काळे वाहिले.

इकडे आमची जुनी बिले अडकली, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा संपली आणि कामगारांचे पगार थकले. तेव्हा त्याच डेअरीच्या मालकांनी वर्षभराच्या देखभालीची रक्कम आगाऊ दिली आणि कागदही मागितला नाही. त्यांचे ऋण आम्ही कधी विसरणार नाही.

प्रतिस्पर्धी मुदतीआधीच काम सोडून गेला आणि आम्हाला पुन्हा बोलावणे आले. टाकीच्या तळाशी बुडबुड्यांनी हवा सोडणाऱ्या डिफ्युझरच्या रबरी पडद्यांवर गाळ घट्ट बसला होता, टाकीत जिवंत असे काही उरले नव्हते. पडदे बदलले, दुसऱ्या केंद्रातून टँकरने जिवंत जिवाणूंचा गाळ आणून टाकी पुन्हा वसवली. मोजपात्रात नितळ पाणी दिसायला काही आठवडे गेले.

नगरपालिकांच्या अभियंत्यांना आमचे सांगणे आहे, की वीजबिल पालिकेने स्वतः भरावे आणि ठेकेदाराकडून ब्लोअरच्या तासांचा हिशेब घ्यावा. एक ब्लोअर कायम राखीव ठेवावा, आणि नमुना पहाटेही घ्यावा. येत्या निविदेसाठी हे सर्व आम्ही लेखी कळवले आहे. मागील कामाची अनामत रक्कम अजून आलेली नाही. तिचा पाठपुरावा चालू आहे.