डोळे तपासायला

ऑस्ट्रेलियात येऊन सहा वर्षं झाली, पण घाटंजी तालुक्यातल्या बहिणीचा फोन अवेळी वाजला की अजून पोटात गोळा येतो. मागच्या दिवाळीनंतरचा तसाच. "दादा, पोट्टा जेवत नाही वो. रातभर जागाच असते. शाळेत जातो म्हनते अन् धुऱ्यावर बसून राहते." भाचा दहावीत. आजीचं निदान तयार होतं, बाहेरचं झालं. एकदा उतरवूनही झालं होतं.

मी राहतो तेही तसं आडवळणाचंच शहर. इथं मानसिक आरोग्यासाठी 'हेडस्पेस' नावाची केंद्रं आहेत, 2006 साली सुरू झालेली, 12 ते 25 वर्षांच्या मुलांसाठी. माझ्या सहकाऱ्याचा सतरा वर्षांचा मुलगा एकटाच तिथं गेला. डॉक्टरची चिठ्ठी लागली नाही, खर्च जवळपास नाही. बापानं हे मला डब्याच्या वेळी सांगितलं, पोरगा दाताला दाखवून आला म्हणावं तसं! (इथं सगळं गोड नाही. लहान गावांत मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं.)

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत. ग्रामीण रुग्णालयांत 10 ते 19 वयाच्या मुलांना तब्येतीचा आणि मनाचा सल्ला द्यायला 'मैत्री' क्लिनिक असतं. बहिणीची दोन्ही बाळंतपणं सरकारी दवाखान्यातच झाली, पण 'मैत्री' हा शब्द तिनं माझ्याकडून पहिल्यांदा ऐकला, आणि मी गूगलकडून.

मला सर्वांत जास्त आशा वाटते ती अमरावती जिल्ह्यातल्या 'विश्राम' प्रकल्पाची. 30 गावांत साध्या माणसांना शिकवून घरोघरी बोलायला पाठवलं. अठरा महिन्यांत, नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. ती मोठी माणसं होती, मान्य. पण ओळखीचं कोणी ओसरीवर येऊन बसलं की तोंड उघडतं, हे पोरांच्या बाबतीत वेगळं कसं असेल?

भाच्यानं 14416 लावला तो मी व्हिडिओ कॉलवर तासभर हट्ट केल्यावर. तिथल्या ताईंनी यवतमाळच्या सरकारी दवाखान्याचा मानसोपचार विभाग सुचवला. आता पंधरा दिवसांतून एकदा मायलेक एसटीनं जातात. तो जेवतो. शाळेत जातो, बहुतेक दिवस.

"शेजारचे इचारत नाहीत?" मी विचारलं.

"इचारतात ना. मी सांगतो, डोळे तपासाले नेतो."

भाच्याला चष्मा नाही.