अर्ध्यात अडकलेली साइट आणि स्वस्तातलं टूल

पिस्तुलाची मागची साइट, म्हणजे नेम धरायची मागची खूण, बदलणं म्हणजे दहा मिनिटांचं काम असं सगळेच सांगतात आणि ते खोटं नाहीये, फक्त ती दहा मिनिटं कुठल्या टूलवर घालवायची ते कोणी नीट सांगत नाही. माझी पहिली साइट बसायला सतरा दिवस लागले. त्यातले सोळा दिवस ती खाचेत अर्धी आत अर्धी बाहेर अशी लटकलेली आणि मी रोज संध्याकाळी डबा उघडून तिच्याकडे बघून परत बंद करायचो.

झालं असं की माझ्या ग्लॉक पिस्तुलासोबत येते ती प्लास्टिकची साइट, मागे पांढरा यू आणि पुढे पांढरा ठिपका, ती मला नकोशी झाली होती. चष्म्याचा नंबर वाढला म्हणा किंवा नुसती हौस म्हणा, पण अंधारात चमकणाऱ्या ट्रिटियमवाल्या साइट घ्यायच्या हे डोक्यात बसलं आणि घेतल्या. त्या काही स्वस्त येत नाहीत. मग टूल घ्यायची वेळ आली तेव्हा खिशाकडे बघून म्हटलं आपल्याला काय दुकान टाकायचंय का, एकदाच तर लागणारे, यादीतलं सगळ्यात स्वस्त उचललं. दात कोरून पोट भरायची सवय, दुसरं काय.

ज्यांनी हा प्रकार कधी जवळून बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग, तिच्या वरच्या अंगाला एक आडवी खाच असते, वर अरुंद आणि तळाशी रुंद, तिला डव्हटेल म्हणतात. साइटचा पाय त्याच आकाराचा पण केसभर मोठा. बऱ्याच साइटना स्क्रू नसतो, गोंद नसतो, नुसत्या घट्टपणावर ती वर्षानुवर्षं तिथे बसून राहते, त्यामुळे घालायची काय नि काढायची काय, बाजूनेच ढकलावी लागते. आणि ढकलायचं टूल म्हणजे तरी काय, एक चौकट, तिच्यात स्लाइड आवळायची, बाजूने एक जाड स्क्रू, स्क्रूच्या टोकाला ठोकळा, दांडी फिरवली की ठोकळा पुढे सरकतो आणि साइटला रेटतो. वर्कशॉपमध्ये वस्तू आवळून धरायला व्हाइस असतो, त्याचा धाकटा भाऊ समजा.

तर माझ्या त्या स्वस्त भावाने जुनी साइट लगेच काढून दिली. प्लास्टिकचीच ती, तिने काय विरोध करायचा. मी खूश. खरी परीक्षा नवीन स्टीलची साइट घालताना. निम्मी गेली आणि दांडी जड झाली, मी जोर लावला, तर साइट हलायच्या ऐवजी स्लाइडच चौकटीत तिरकी व्हायला लागली, आणि ठोकळा साइटच्या बाजूवरून हळूहळू वर चढायला लागला. परत सैल केलं, परत आवळलं, परत तेच. चौथ्या वेळी दांडी एकदम हलकी फिरली. मला वाटलं गेली बाबा आत. गेली कुठली, चौकटीतले आटे गेले होते. चौकट अ‍ॅल्युमिनियमची आणि स्टीलच्या स्क्रूचे आटे थेट त्या अ‍ॅल्युमिनियमातच पाडलेले, स्क्रू बाहेर काढला तर त्याला चांदीच्या तारेसारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकल्या गुंडाळून आल्या. कुठल्या कंपनीचं होतं ते विचारू नका, तसल्या आकाराची पाच नावांनी विकली जातात.

शेवटी नेमबाजीच्या रेंजवर एक काका येतात, आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलेलं, त्यांना नुसती स्लाइड नेऊन दाखवली. त्यांनी ती नखाने चाचपली, उजेडात धरली आणि पहिला प्रश्न काय, "खाच पुसली होतीस का घालायच्या आधी?" पुसली नव्हती. "आणि घालून बघितलीस हाताने? किती गेली?" तेही बघितलं नव्हतं. मग म्हणाले, "टूलला शिव्या द्यायच्या त्या दे रे, पण अर्ध्या स्वतःला पण दे."

त्यांनी साइट बाहेर काढली, व्हाइसच्या जबड्यात लाकडाच्या पट्ट्या घालून, पितळी पंच, म्हणजे ठोकायची छोटी दांडी, आणि छोटी हातोडी, मोजून तीन टोले. मग साइटचा तळ एका सपाट काचेवर बारीक एमरी कागद ठेवून त्याच्यावर घासला, आठ-दहा वेळा, मध्येमध्ये पुसून खाचेत घालून बघत. घासायची ती साइट, खाचेला कानस लावायची नाही, हे त्यांनी मला निदान चार वेळा ऐकवलं, आणि बरोबरच आहे, साइट बिघडली तर दुसरी मिळते, स्लाइडची खाच सैल झाली की झालंच. हाताने ढकलून साइट साधारण एक तृतीयांश ते निम्मी आत गेली पाहिजे आणि तिथे अडली पाहिजे, तेवढी फिटिंग आली की उरलेलं काम टूलचं. पूर्ण हातानेच गेली तर सैल, अजिबात शिरलीच नाही तर घट्ट, आणि अशा घट्ट साइटवर महागडं टूलसुद्धा हात टेकतं.

पण ते पंचाने आत ठोकायला तयार नव्हते. कारण ट्रिटियम. हा वायू असतो, काचेच्या बारीक नळीत भरलेला, नळीला आतून चमकणारा लेप. टोल्याने नळी तडकली की वायू गेला आणि उजेडही गेला. तसंही ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे आपोआपच तेवढ्या वर्षांत उजेड निम्म्यावर येणार आहे, त्यात आपण हातोडीने घाई कशाला करा. साध्या काळ्या स्टीलच्या साइटला मात्र पंच चालतो, आणि मी आता प्रामाणिकपणे सांगतो, तुमच्याकडे बऱ्यापैकी व्हाइस असेल आणि एकदाच साधी साइट बदलायची असेल तर टूल घेऊच नका. पितळी पंच, लाकडाच्या नाहीतर जाड चामड्याच्या पट्ट्या, बास. पितळाचा पिवळा डाग साइटवर राहतो, बघून छातीत धस्स होतं, पण तो ओरखडा नसतो, पितळच चिकटलेलं असतं, बॅरलमधलं तांबं काढायच्या सॉल्व्हंटने पुसलं की जातं.

टूल घ्यायचंच असेल तर मी आता काय बघतो ते सांगतो, कारण दुसरं टूल घेताना मी अक्षरशः फोटो मोठे करून करून बघितलेत. पहिलं म्हणजे स्क्रू कशात फिरतोय. स्टीलच्या चौकटीत फिरत असेल तर उत्तम, चौकट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर निदान आत स्टीलचा नाहीतर पितळेचा बुश, म्हणजे आटे पाडलेली नळी, बसवलेला हवा. चकचकीत रंग, लेसरने कोरलेलं नाव, फोमचा डबा, ह्याला शून्य मार्क. स्क्रू जितका जाड आणि आटे जितके बारीक तितकं बरं, का ते पुढे येतंयच.

दुसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, स्लाइड धरायची पद्धत. दोन बारक्या बोल्टची टोकं स्लाइडला दोन ठिकाणी टोचून धरणारी टूल असतात, ती नकोत, स्लाइड त्या दोन टोकांवर झोपाळ्यासारखी हलते. रुंद सपाट पट्टीने धरणारं हवं, पट्टीवर नायलॉन किंवा तसलंच काहीतरी मऊ. आणि युनिव्हर्सल ह्या शब्दावर फार भाळू नका, सगळ्या पिस्तुलांच्या स्लाइड काही ग्लॉकसारख्या चौकोनी नसतात, काहींच्या बाजू वर निमुळत्या होत जातात आणि तिथे सरळ पट्टी नुसती घसरते. घरात एकच पिस्तूल असेल तर त्याच मॉडेलसाठी केलेलं टूल घ्या, त्यात स्लाइड ड्रॉवरसारखी सरकते आणि आवळायचं कामच उरत नाही. दोन-तीन वेगवेगळी असतील तर मग युनिव्हर्सल, पण जड. टूलचं वजन बघायची माझी सवय झालीये, भाजीवाल्याकडे कोबी हातात घेऊन बघतो तसं.

तिसरं तो ठोकळा. त्याने साइटला अगदी खाली, खाचेलगत रेटलं पाहिजे. वर रेटलं तर साइट कलते, कलली की खाचेत जॅम होते, आणि आपण जोर लावतो ती ताकद सगळी तिला वाकवण्यात जाते. माझं नेमकं हेच झालेलं. त्यात काही साइटच्या बाजू तिरक्या, अशांना सरळ ठोकळा फक्त एका कडेवर टेकतो आणि चढतो, तेव्हा सोबत तिरका ठोकळा देतात का ते बघा. आणि ठोकळ्याची उंची कमीजास्त करता येते का तेही, स्लाइडच्या अंगाला घासला तर तिथलं काळं फिनिश गेलंच म्हणून समजा.

चौथं काही नाही. दांडी लांब आहे का आखूड, डबा कसाय, ह्यात वेळ घालवू नका.

एक गोष्ट मात्र खरेदीच्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही, ग्लॉकची पुढची साइट ह्या टूलने निघतच नाही. ती स्लाइडच्या आतल्या बाजूने एका छोट्या षटकोनी स्क्रूने धरलेली असते, ३/१६ इंचाचा, आणि साधा पाना तिथे शिरत नाही कारण जागाच नाही, पातळ भिंतीचा खास ड्रायव्हर लागतो. तो काही महाग नाही पण मागवायला विसरलात तर मागची साइट नवीन आणि पुढची जुनी असा अवतार घेऊन बसाल. तो स्क्रू बोटांच्या जोरानेच आवळायचा, ताकद दाखवायला गेलात तर मुंडी तुटते, आणि आट्यांवरचं तेल पुसून निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायच्या गोंदाचा, एकच थेंब. लाल नको. लाल सोडवायला भरपूर उष्णता लागते आणि ट्रिटियमच्या नळीला तेवढी आच द्यायची म्हणजे कल्याणच.

काम सुरू करायच्या आधी मॅगझिन बाहेर, चेंबर (बॅरलमधली गोळी बसायची जागा) डोळ्याने आणि बोटाने तपासायचा, गोळ्या दुसऱ्या खोलीत, आणि स्लाइड फ्रेमवरून काढून बॅरल आणि स्प्रिंगही काढून ठेवायची. ही पायरी घाईघाईत करायची नाही, बाकीचं काम चुकलं तर साइट बिघडते, इथे चुकलं तर काय होतं ते सांगायला नको. आणि ग्लॉक सोडून दुसरं काही असेल तर मॅन्युअल आधी वाचा, कारण स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी मध्ये मागच्या साइटखाली स्ट्रायकर ब्लॉकची (पिस्तूल पडलं तरी गोळी सुटू नये म्हणून असतो तो) स्प्रिंग दबलेली असते, साइट सरकली की ती टुणकन उडते आणि मग तुम्ही रात्री अकराला टॉर्च घेऊन सोफ्याखाली. सिगच्या पी३६५ मध्येही साइटखाली असलाच प्रकार आहे.

आता ते बारीक आट्यांचं. साइट आत गेली म्हणजे मध्यावर आली असं नाही. मी पेन्सिलीने खाचेमागे स्लाइडवर एक रेघ मारतो आणि दोन्ही बाजूंनी कॅलिपरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) मोजतो, पण शेवटचा निकाल कागदावरच लागतो. माझ्या गोळ्या १५ मीटरवर ५० मिमी डावीकडे लागत होत्या. हिशोब सोपाय, चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले टारगेटचं अंतर. ग्लॉक १७ ला दोन साइटमध्ये साधारण १६५ मिमी, म्हणजे ५० गुणिले १६५ भागिले १५,००० बरोबर ०.५५ मिमी. अर्धा मिलिमीटर फक्त! हे पंचाने करायचं म्हणजे नशिबाचा खेळ, एक टोला कमी पडतो आणि दुसरा जास्त. टूलचा स्क्रू एम१० चा, म्हणजे १० मिमी जाड, आणि आटे १.५ मिमीचे असतील तर एका फेऱ्यात साइट दीड मिलिमीटर जाते, म्हणजे मला एक तृतीयांश फेरा आणि वर किंचित. तेच आटे १ मिमीचे असतील तर अर्ध्या फेऱ्याहून थोडं जास्त, हाताला कळतं. मागची साइट ज्या बाजूला सरकवाल त्याच बाजूला गोळ्या सरकतात, पुढची सरकवली तर उलट, हे मी दांडीला चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहून ठेवलंय कारण दर वेळी विसरतो.

आणि साइट हलते तेव्हा गुळगुळीत सरकत नाही. दांडीवर ताण वाढत जातो, वाढत जातो, काहीच होत नाही, आणि मग एक बारीक टक. त्या टकमध्येच कधी पाव मिलिमीटर गेलेला असतो. म्हणून फेरे मोजत बसण्यापेक्षा प्रत्येक टकनंतर थांबून कॅलिपर लावायचा.

मी शेवटी घेतलं ते मधल्या किमतीचं, स्टीलची चौकट, ग्लॉकपुरतंच, दिसायला ओबडधोबड. साइट आत जायला चार मिनिटं लागली, मोजली मी. काकांना फोटो पाठवला तर उत्तर आलं, "खाच पुसलीस ना?"

त्यानंतर रेंजवरच्या तिघांच्या साइट त्याच टूलवर बदलून झाल्या, तिसऱ्याने तर टूल घरी नेलं आणि दोन आठवड्यांनी परत दिलं ते सोबतच्या छोट्या अ‍ॅलन कीशिवाय. विचारलं तर म्हणतो, दादा तुमच्या डब्यात होतीच कुठे. होती. मी स्वतः ठेवली होती.