गिरवीच्या ओघळीतून वारुगड : कोरड्या डोंगरातली पायपीट

साताऱ्यातला माणूस डोंगरात जायचं म्हटलं की पश्चिमेची वाट धरतो. कास, ठोसेघर, वासोटा. पूर्वेला फलटण आणि माण तालुक्यांच्या मधोमध शंभू महादेवाची रांग पसरलेली आहे, तिकडे शिंगणापूरच्या यात्रेशिवाय फारसं कुणी फिरकत नाही. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातल्या माणदेशात जेमतेम पाचशेच्या आसपास. आम्हाला हा कोरडा डोंगर त्याच्या पोटातल्या घळींतून बघायचा होता, म्हणून गाडीरस्ता सोडून फलटणच्या बाजूने, गिरवी गावाकडून वारुगड हा किल्ला चढलो.

डिसेंबरची थंडी होती. उजाडता उजाडता गावाबाहेर पडलो. सुरुवातीला बाभळी, बोरी, हिवर आणि मेंढरांनी पाडलेल्या पायवाटा. पुढे ओढ्याचं पात्र अरुंद होत जातं, दोन्ही बाजूंचे काठ उंच होतात आणि आपण ओघळीत शिरतो. आत शिरल्यावर आवाज बदलतो. आपल्याच पावलाखालचा मुरूम दोन्हीकडून ऐकू येतो.

इथला खडक वाचायला शिकलात तर वाट आपोआप सापडते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर एकावर एक बसलेले आहेत. टणक थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून त्याची उतरती पट्टी होते. शेळ्या-मेंढ्या नेमक्या त्या पट्टीवरून आडव्या जातात. समोर कडा आला की अंगावर चढू नका, पट्टी धरून आडवे चाला, पुढे कुठेतरी नळी, म्हणजे कड्यातून वर जाणारी अरुंद घळ, सापडतेच. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लालसर मातीचा पट्टा दिसतो. ओलावा असलाच तर तिथे असतो, पण पिण्याजोगं पाणी मिळेल या भरवशावर राहू नका.

अर्ध्या चढावर एक धनगर मामा भेटले. आमच्या पाठीवरच्या पिशव्या बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पावणं, पानी किती हाय संगं?" मग काठीने दाखवलं, "त्या सोंडंनं जावा. नळीत घसारा लई हाय." आम्ही सोंडेने, म्हणजे डोंगराच्या पुढे आलेल्या धारेने गेलो. नकाशावर नळी जवळची दिसते, पण तिथला मुरूम पायाखालून सरकतो आणि धरायला निवडुंगाशिवाय काही नाही. या भागात मेंढपाळाचा शब्द मोबाईलच्या नकाशापेक्षा वरचा माना. मात्र कळपाजवळ थेट जाऊ नका. लांडग्यांमुळे कुत्री राखणीला असतात. लांबूनच हाक मारा, मालक कुत्र्यांना आवरेपर्यंत जागेवर थांबा.

माचीवर पोचलो की एकदम माणसांची वस्ती लागते. वारुगड हे गाव किल्ल्याच्या माचीवरच वसलेलं आहे. भैरवनाथाचं देऊळ आहे, वर बालेकिल्ल्याचा उभा डोंगर. गावात पाणी भरून घ्या आणि मगच बालेकिल्ल्याला जा. तिथून जे दिसतं त्यासाठी एवढा चढ सार्थकी लागतो. उत्तरेला खाली फलटणचा ऊस हिरवागार, नीरेच्या उजव्या कालव्याची ती करणी. दक्षिणेला माणचा पिवळा माळ. उत्तर उताराचं पाणी नीरेला जातं, दक्षिणेचं माणगंगेला. दोन्ही नद्या शेवटी भीमेलाच मिळतात, पण मधल्या प्रवासात एका बाजूला साखर कारखाने उभे राहिले आणि दुसऱ्या बाजूची माणसं वर्षानुवर्षं चारा छावण्या बघत आली. वरून हे बघताना पोटात तुटतं. माणदेशाच्या पाण्याविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने एकदा इथे उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सुरुवात हा काळ योग्य. मार्चनंतर खडक तापतो आणि घळीत वारा लागत नाही, तेव्हा ही वाट सोडाच. माणशी निदान चार लिटर पाणी हवं. वळवाच्या किंवा परतीच्या पावसाच्या दिवसांत, माथ्यावर ढग दिसत असतील तर ओघळीत उतरू नका. हा खडक पाणी मुरवत नाही, वर पडलेली सर बघता बघता खाली येते. गवताची कुसळं लोकरी मोज्यांत घुसून टोचत राहतात, म्हणून गुळगुळीत कापडाची विजार घाला. फुरसं हा विषारी साप दगडांच्या रंगाचा असतो, कपारीत न बघता हात घालू नका. विस्तव अजिबात नको. वाळलेलं गवत गावकऱ्यांच्या गुरांची वर्षाची बेगमी असते, एका काडीने डोंगर पेटतो.

फलटणहून गिरवीला जायचं, एसटीच्या वेळा आदल्या दिवशी स्टँडवर विचारून ठेवा. मुक्काम करायचा असेल तर देवळात, पण आधी गावात विचारून. भाकरी-पिठलं करून देणारं घर मिळतं, त्यांनी मागितले नाहीत तरी पैसे द्या. उतरताना आम्ही पुन्हा ओघळ धरली नाही, थकल्या पायांना घसाऱ्यावर उतरणं धोक्याचं. दक्षिणेला तोंडल्याकडे डांबरी रस्ता जातो, तिथून बिजवडीला या. ते फलटण-दहिवडी रस्त्यावर आहे, मोगराळे घाटातून फलटणला परत जाता येतं. हाताशी आणखी एक दिवस असेल तर दहिवडीमार्गे महिमानगड करा. चढ सोपा आहे, दरवाज्यावरचं हत्तीचं शिल्प बघण्यासारखं आहे, आणि मुलांना घेऊन जायचं असेल तर वारुगडाच्या आधी तोच करा.