आंब्याखाली रोज बसायची

जुलैचा पाऊस आणि खानापूर तालुक्यात रोप लावणीची घाई. जांबोटीकडच्या एका गावातली पन्नाशीची बाई नवऱ्याचा हात धरून दवाखान्यात आली.

"सिस्टर, पित्त झालंय. एक इंजेक्शन मारा आणि सोडा. बायका शेतात थांबल्यात."

त्या दिवसांत सगळेच भिजून येतात. मी तिची प्लास्टिकची खोळ काढली, टॉवेलने कपाळ पुसलं. लगेच पुन्हा थेंब उभे राहिले. तो घाम होता.

"छातीत दुखतंय का अक्का?"

"छातीत कायबी नाही. जबडा ओढायलाय आणि पोटात वरच्या अंगाला जळजळ."

साखर सात वर्षांपासूनची. छातीत दुखत नाही म्हटलं की पुष्कळदा आपली चौकशी तिथेच संपते. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारते, "चालताना मध्येच कुठं थांबावं लागतं का?"

ती काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "शेताच्या चढाला आंब्याखाली रोज बसती की. आठ दिवस झाले. बसली की जबडा राहतोय, मग परत चालती."

चढावर हृदयाला जास्त रक्त लागतं. रक्ताची वाट अरुंद झाली असेल तर ते पुरत नाही. बसलं की पुरतं, म्हणून दुखणं जातं. ते छातीतच हवं असं नाही; जबडा, खांदा, पाठ, नुसता दम, कुठेही. मधुमेहात नसा बधिर झाल्या तर छातीची कळ जाणवतही नाही. आठ दिवस तिचं हृदय सांगत होतं आणि घरात सगळे दाताला दोष देत होते.

ओल्या अंगावर ईसीजीची रेघ नाचते, म्हणून गॉजने छाती कोरडी केली, बांगड्या वर सरकवल्या. कागदावर दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये, म्हणजे हृदयाकडे खालून बघणाऱ्या नोंदींत, रेषा उचललेल्या. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. डॉक्टर धावत आले. ॲस्पिरिन 300 मिलिग्रॅम चावायला दिली. वरचं प्रेशर फक्त 90. अशा वेळी रक्तवाहिन्या सैल करणारी जिभेखालची सॉर्बिट्रेट दिली तर ते आणखी कोसळू शकतं, म्हणून ती हातातली बाजूला ठेवली. गुठळी विरघळवणाऱ्या टेनेक्टेप्लेजचा डोस वजनावर ठरतो आणि तिला काट्यावर उभं करणं शक्य नव्हतं. नवऱ्याने रेशनच्या वेळी आठवड्यापूर्वी केलेलं वजन सांगितलं, 54 किलो. इंजेक्शन गेलं, अर्ध्या-पाऊण तासात जबड्याचं दुखणं सुटलं. मग 108 मधून बेळगावला. वाटभर मी तिची नाडी सोडली नाही.

तीन आठवड्यांनी ती गोळ्या न्यायला आली. "आमची जाऊबाई पण त्याच आंब्याखाली बसायची गं. आणू काय तिला?"

दुसऱ्याच दिवशी आणली. तिचा ईसीजी साधा आला. दुखणं थांबलेलं असताना काढलेला तो पुष्कळदा साधाच येतो. डॉक्टरांनी तिलाही बेळगावला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.