घरच्या नेटवर्कच्या नोंदी: आयपी पत्त्यावरून उपकरणापर्यंत

मागील टप्प्यात रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डीएनएसमास्क (पत्ते वाटणारा आणि संकेतस्थळांची नावे शोधून देणारा प्रोग्राम) बसवून झाले होते आणि घरातील प्रत्येक उपकरण कोणत्या संकेतस्थळाचे नाव विचारते याच्या ओळी एका साध्या मजकूर फाइलमध्ये साठू लागल्या होत्या. या टप्प्याचे उद्दिष्ट मुद्दाम लहान ठेवले होते. रोज रात्री एक तक्ता तयार व्हावा, त्यात कोणत्या उपकरणाने कोणते नाव किती वेळा विचारले एवढेच असावे, आणि तो कोणताही तयार डॅशबोर्ड न वापरता ग्रेप (ओळी शोधणारी), ऑक (रकाने हाताळणारी), सॉर्ट (क्रम लावणारी) आणि युनिक (सारख्या ओळी एकत्र करणारी) या जुन्या कमांडांनीच निघावा. तक्ता आता निघतो. मोजणी सोपी होती. सर्व वेळ गेला तो ‘कोणत्या उपकरणाने’ या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळवण्यात.

मांडणी थोडक्यात सांगतो. राउटरमधील डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते, म्हणजे जाळ्यातील त्यांचे क्रमांक, वाटणारी सेवा) बंद केले असून पत्ते वाटणे आणि नावे शोधून देणे ही दोन्ही कामे डीएनएसमास्ककडे आहेत. घरचे जाळे १९२.१६८.१.० ते १९२.१६८.१.२५५ या पट्ट्यात आहे. म्हणजे एकूण २५६ पत्ते, त्यांतील पहिला जाळ्याचा आणि शेवटचा सर्वांना उद्देशून असल्यामुळे उपकरणांसाठी २५४. हा पट्टा १९९६ च्या आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) १९१८ ने खासगी वापरासाठी राखून ठेवला आहे, त्यामुळे तेच आकडे शेजारच्या घरातही असू शकतात आणि कोणाचे काही बिघडत नाही. लीजची, म्हणजे दिलेला पत्ता उपकरणाकडे राहण्याची, मुदत बारा तासांची ठेवली आहे.

विचारणेच्या प्रत्येक ओळीत ऑकच्या दृष्टीने आठ रकाने असतात: महिना, दिनांक, वेळ, प्रोग्रामचे नाव व त्याचा प्रक्रिया क्रमांक, विचारणेचा प्रकार, विचारलेले नाव, ‘फ्रॉम’ हा शब्द आणि शेवटी विचारणाऱ्याचा आयपी पत्ता. येथे रकाने कापून काढणारी कट ही कमांड मोहात पाडते, परंतु महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत एकअंकी दिनांकाच्या आधी एकाऐवजी दोन मोकळ्या जागा येतात आणि कट प्रत्येक मोकळी जागा स्वतंत्र सीमा मानत असल्यामुळे पुढचे सगळे रकाने एकाने सरकतात. ऑक सलग मोकळ्या जागांना एकच सीमा मानतो. रकान्यांच्या कामासाठी मी कट जवळजवळ सोडून दिला आहे, त्याचे कारण हे एवढेच.

पाचवा रकाना नीट पाहिल्याशिवाय मोजणी करू नये. आजचा ब्राउझर एकच नाव अनेकदा तीन प्रकारे विचारतो: आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या) पत्त्यासाठी ‘ए’, आयपीव्ही६ (नव्या पद्धतीच्या) पत्त्यासाठी ‘चार ए’ आणि जोडणीच्या तपशिलासाठी ‘एचटीटीपीएस’. हा तिसरा प्रकार २०२३ च्या आरएफसी ९४६० मध्ये प्रमाणित झाला. डीएनएसमास्कच्या जुन्या आवृत्त्या तो नावाने न लिहिता नुसता ‘टाइप ६५’ असा लिहितात. सरळ ओळी मोजल्या तर एका भेटीच्या तीन भेटी होतात. त्यामुळे उपकरण, नाव आणि सेकंद या तिन्हींची जोडी करून ती ऑकच्या सारणीत आधी आली असल्यास ती ओळ सोडून द्यायची, असा नियम ठेवला आहे. सेकंद बदलताना एखादी भेट दोनदा मोजली जाते, पण रोजच्या तक्त्यासाठी तेवढी ढिलाई मला चालते.

नुसती मोजणी हवी असेल तर जुनी वाट उत्तम आहे: नावाचा रकाना काढावा, सॉर्टमधून न्यावा, युनिकला ‘सी’ हा पर्याय द्यावा आणि पुन्हा सॉर्टने उलट अंकक्रम लावावा. युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतो, म्हणून त्याच्याआधी सॉर्ट अनिवार्य. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये पाइप (एका कमांडचे उत्तर पुढच्या कमांडला देण्याची सोय) आणला, तेव्हापासून ही साखळी जवळपास याच रूपात चालत आली आहे. मात्र तिची एक किंमत आहे, आणि ती मला दुसऱ्या आठवड्यात कळली: सॉर्ट केल्याबरोबर ओळींचा मूळ क्रम जातो. माझ्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्या क्रमातच होते.

आयपी पत्ता ही वसतिगृहातील खोली आहे, विद्यार्थी नव्हे. दुपारी एका खोलीत एक असेल आणि रात्री दुसरा. एक पाहुणा फोन घेऊन येतो, त्याला शेवटी ५७ असलेला पत्ता मिळतो, तो जातो, लीज संपते आणि पुढे तोच पत्ता दुसऱ्या कोणाला तरी मिळू शकतो. डीएनएसमास्कची लीज फाइल सोपी आहे: मुदत संपण्याची वेळ, मॅक पत्ता (उपकरणाच्या नेटवर्क भागाची स्वतःची ओळख), आयपी पत्ता, उपकरणाने सांगितलेले नाव आणि ओळखखूण असे पाच रकाने. ऑकला दोन फाइली देऊन, पहिली वाचत असताना आयपीवरून नावाची सारणी भरायची आणि दुसरी वाचताना ती वापरायची, ही युक्ती ऑक वापरणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असेल. एकूण ओळ क्रमांक आणि चालू फाइलमधील ओळ क्रमांक समान आहेत का, यावरून पहिली फाइल ओळखतात. फक्त ती फाइल रिकामी असेल तर ऑक दुसऱ्या फाइललाच पहिली समजतो, एवढे लक्षात ठेवावे. परंतु लीज फाइल आत्ता पत्ता कोणाकडे आहे एवढेच सांगते. दुपारी तीनच्या विचारणेला रात्री बाराचा मालक लावणे म्हणजे चुकीचा तक्ता सुबक अक्षरात लिहिणे होय.

उत्तर त्याच नोंदवहीत होते. डीएचसीपीच्या चार पायऱ्या, म्हणजे उपकरणाची हाक, सर्व्हरचा प्रस्ताव, उपकरणाची मागणी आणि सर्व्हरची मान्यता, या १९९७ च्या आरएफसी २१३१ मध्ये जशा आहेत तशाच डीएनएसमास्क एकेका ओळीत लिहितो. त्यांतील मान्यतेच्या ओळीत सहावा रकाना आयपी, सातवा मॅक आणि असल्यास आठवा नाव. म्हणून आता ऑक फाइल वरून खाली एकदाच वाचतो. मान्यतेची ओळ आली की ‘हा आयपी यापुढे या मॅककडे’ अशी सारणीत दुरुस्ती करतो, आणि विचारणेची ओळ आली की त्या क्षणी सारणीत जो मॅक असेल त्याच्या नावावर ती मांडतो. सॉर्ट शेवटी, एकत्रित आकड्यांवर, एकदाच. संपूर्ण प्रोग्राम एका पडद्यावर मावतो.

एक फट उरते. नोंदवही मध्यरात्री बदलते आणि नव्या फाइलच्या सुरुवातीला सारणी रिकामी असते, कारण आदल्या दिवशी पत्ता मिळालेले उपकरण लीजची निम्मी मुदत सरल्यावरच नूतनीकरण मागते. बारा तासांच्या लीजमध्ये याचा अर्थ सहा तासांपर्यंतच्या विचारणा बेवारस राहू शकतात. उपाय सरळ आहे: रात्रीचे काम संपताना सारणी एका फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तीच आधी वाचायची.

मॅक पत्त्याबद्दलही थोडे सांगायला हवे. ४८ बिटांचा हा पत्ता कारखान्यात ठरतो आणि पहिल्या २४ बिटांवरून उत्पादक ओळखता येतो, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य फोनच्या बाबतीत आता फारसे उपयोगी नाही. २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयओएस १४ यांपासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी स्वतःच तयार केलेला वेगळा मॅक पत्ता वापरू लागले. असा पत्ता ओळखणे सोपे आहे: डावीकडून दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो स्थानिक पातळीवर ठरवलेला असतो, आणि ऑकमध्ये सबस्ट्रिंग काढून एका ओळीत हे तपासता येते. घरच्या जाळ्यावर हा पत्ता बहुधा स्थिर राहतो, त्यामुळे मॅकवरून नाव लावण्याची माझी पद्धत टिकून आहे. केवळ उत्पादकाच्या यादीवरून उपकरणे ओळखण्याचा विचार मात्र सोडला. त्याऐवजी मॅक आणि मराठी नाव अशी दोन रकान्यांची फाइल हातानेच लिहिली. नावांमध्ये मोकळी जागा येते, म्हणून रकान्यांची सीमा टॅबची.

या मराठी नावांनी कमांड लाइनचा एक वेगळाच कोपरा दाखवला. ‘आईचा फोन’ या नावात यूटीएफ-८ (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) नुसार २२ बाइट आहेत, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि मोकळी जागा एक. युनिकोडची चिन्हे मोजली तर ८. रास्पबेरी पायवर सुरुवातीला असलेला एमऑक लांबी २२ सांगतो, तर यूटीएफ-८ लोकेलमधील (लोकेल म्हणजे यंत्राची भाषा व लिपीची मांडणी) जीऑक ८; दोन्ही ऑकचीच रूपे. छपाईची मांडणी करणाऱ्या प्रिंटएफने रकान्याची रुंदी ठरवली की दोन्हींत तक्ता वाकडा येतो, कारण मात्रा पडद्यावर किती जागा घेणार हे टर्मिनल आणि फॉन्ट आपापसात ठरवतात. मी त्यांच्याशी वाद घालत बसलो नाही. आकडा आधी, नाव सर्वांत शेवटी, की सरळ करण्यासारखे काही उरतच नाही.

लोकेलचा दुसरा परिणाम अधिक लपलेला आहे. सॉर्टला महिन्यांच्या नावांनुसार क्रम लावायला सांगितले तर तो चालू लोकेलमधील महिन्यांची नावे शोधतो, तर डीएनएसमास्क महिना नेहमी इंग्रजी आद्याक्षरांनीच लिहितो. मराठी लोकेल असलेल्या यंत्रावर त्यामुळे सारे महिने अनोळखी ठरून समान मानले जातात. अशा कमांडांपुढे एलसी_ऑल=सी लिहावे, म्हणजे मूळ इंग्रजी लोकेल लागू होतो. उलट देवनागरी अंक लॅटिन अंकांत बदलायचे असतील तर यूटीएफ-८ लोकेलच हवा आणि कमांड मजकूर बदलणाऱ्या सेडची ‘वाय’. चिन्हे बदलणारा टीआर बाइट धरून चालतो आणि देवनागरीची खिचडी करतो. सॉर्टच्या अंकक्रमाला तर देवनागरी अंक हे अंकच वाटत नाहीत, तो त्यांना शून्य धरतो.

पावसाळ्यात वीज जाणे आमच्याकडे नवीन नाही. माझ्या पायच्या जुन्या आवृत्तीत बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. वीज परत आल्यावर ते शेवटची जतन केलेली वेळ धरून सुरू होते आणि एनटीपीशी (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सेवा) गाठ पडेपर्यंत मागेच असते. परिणामी काही ओळींवर आधी होऊन गेलेली वेळ पडते. वेळेनुसार सॉर्ट करणाऱ्या पद्धतीत या ओळी दुपारच्या नोंदींत मिसळल्या असत्या. ओळींच्या क्रमावर चालणाऱ्या पद्धतीला त्याने फरक पडत नाही, कारण फाइलमधील क्रम खराच असतो. शिवाय वेळेचा रकाना मागच्या ओळीपेक्षा लहान झाला की ऑक एक खूण छापतो, त्यामुळे पुरवठा कधी खंडित झाला याचा माग फुकटात मिळतो.

तक्त्यात वरच्या स्थानी काय दिसते, तर माणसांनी उघडलेली पाने फार कमी आणि उपकरणांची आपापसातली कुजबुज फार. अँड्रॉइड फोन इंटरनेट आहे की नाही हे पाहण्यासाठी कनेक्टिव्हिटीचेक.जीस्टॅटिक.कॉम विचारतात, विंडोज त्यासाठी एमएसएफटीकनेक्टटेस्ट.कॉम विचारते. डीएनएसमास्कची स्मरणातील यादी मुळात केवळ १५० नावांची असते; ती वाढवून हजार केल्यावर बाहेर पाठवलेल्या विचारणांच्या तुलनेत स्मरणातून दिलेल्या उत्तरांच्या ओळी ठळकपणे वाढल्या, हे ग्रेपला फक्त मोजायला सांगूनही दिसते. जे दिसत नाही त्याची मर्यादाही मानायला हवी. फोनमध्ये खासगी डीएनएसचा (नावे शोधून देणाऱ्या बाहेरच्या सेवेचा) ठरावीक पुरवठादार लिहिला असेल तर त्याच्या विचारणा ८५३ या पोर्टवरून कूटबद्ध होऊन थेट बाहेर जातात आणि माझ्या तक्त्यात तो फोन झोपलेला दिसतो. मी ते अडवत नाही. अशी नोंद ठेवली जाते हे घरात सर्वांना सांगितले आहे, मूळ ओळी आठवड्यानंतर पुसल्या जातात, आणि ज्याला आपले नाव तक्त्यात नको आहे त्याला ही वाट मीच दाखवली आहे.

पुढचे काम आयपीव्ही६ चे आहे आणि ते सोपे नाही. तेथे उपकरण राउटरच्या घोषणेवरून स्वतःच पत्ता बनवते, त्यामुळे मान्यतेची ओळ येतच नाही. शिवाय खासगीपणासाठी तात्पुरते पत्ते बनवते, ज्यांची मुदत २००७ च्या आरएफसी ४९४१ नुसार पसंतीसाठी एक दिवस आणि वैधतेसाठी एक आठवडा अशी सुचवलेली होती; २०२१ च्या आरएफसी ८९८१ ने वैधता दोन दिवसांवर आणली. एका फोनचे एकाच वेळी तीन-चार पत्ते सहज दिसतात. सध्या दर पाच मिनिटांनी जाळ्यातील शेजारी उपकरणांची यादी देणाऱ्या आयपी नेबर या कमांडचे उत्तर त्याच नोंदवहीत ओळींच्या रूपाने घालून पाहत आहे. त्यात पहिला रकाना पत्ता आणि पाचवा मॅक असतो, म्हणजे ऑकच्या प्रोग्राममध्ये मान्यतेच्या ओळीसारखाच आणखी एक नियम जोडावा लागेल. ‘फेल्ड’ (उपकरण न सापडलेल्या) अवस्थेतील ओळींमध्ये मॅकच नसतो, त्या आधी गाळाव्या लागतात. पाच मिनिटांच्या मधल्या काळात आलेला आणि गेलेला पत्ता या पद्धतीत निसटतो का, हे पुढील नोंदीत लिहीन. कोणी शेजाऱ्यांच्या यादीतील बदल सतत पाहणारा मॉनिटर पर्याय दीर्घकाळ चालवला असेल, तर त्याचा पायवर भार किती पडतो हे अवश्य कळवावे.